आळीपाळीने पाहिलेला तंबू

त्यांच्या घरात पलंग एकच होता आणि त्यावरच्या गादीला खड्डाही एकच होता. बरोबर मधोमध. चारचौघांच्या संसारात नवरा-बायकोच्या गादीला दोन खड्डे पडतात, एक भिंतीकडे आणि एक खिडकीकडे. यांच्या गादीला एकच पडला, कारण दोघंही त्याच जागी झोपत. ती रात्री आणि नवरा दिवसा.

नवरा बेकरीत भट्टीवर होता, कायमचा रात्रपाळीला. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात, दिवसभर. सकाळी तो पिठाने भुरकट होऊन दारात उभा राहायचा तेव्हा ती डबा भरत असायची. तो चहा प्यायचा, ती वेणी घालायची, इकडच्यातिकडच्या चार गोष्टी व्हायच्या, की ती चपला घालून बाहेर आणि तो पलंगावर. संध्याकाळी ती दमून यायची तेव्हा तो उठून कणीक मळायला बसलेला असायचा. दोघं जेवायचे आणि तो निघायचा. भांडायलासुद्धा वेळ पुरायचा नाही. सकाळी सुरू केलेलं भांडण कुठवर आलं होतं ते संध्याकाळी आठवावं लागायचं, आणि आठवेपर्यंत राग निघून गेलेला असायचा.

हे दोघांनी ठरवूनच केलं होतं. मुलगी तान्ही असताना तिला सांभाळायला घरात कुणी नव्हतं. मग एकाने रात्रीचं काम धरायचं, दुसऱ्याने दिवसाचं, म्हणजे लेकराजवळ कायम कुणीतरी. लेकरू मोठं झालं, शिकलं, नोकरीला दुसऱ्या गावी गेलं. पाळ्या मात्र तशाच राहिल्या. जिन्यात ठेवलेली जुनी छत्री जशी वर्षानुवर्षं तिथेच राहते, कुणी उचलत नाही की कुणी हलवत नाही, तसं.

आणि आता बेकरीच्या मालकाने जुनी भट्टी पाडायला काढली. त्या जागी विजेची येणार होती. आठवडाभर काम बंद. नवऱ्याने ही बातमी चहाच्या कपाबरोबर सांगितली.

"मालक म्हणतात, पुष्कळ रात्री काढल्यास. बेकरी उघडली की दिवसपाळीला ये. नको असेल तर दुसऱ्या शाखेत रात्रीची जागा आहे."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, विचार करून सांगतो."

तिच्या हातातली वेणी तशीच राहिली. विचार करून? यात विचार कसला करायचा? तिला वाटलं होतं, अशी वेळ कधी आली तर हा माणूस उडी मारून हो म्हणेल. तिने वेणीला गाठ मारली. नको असेल त्याला तर नको. एका घरात राहून माणसाची एकट्याने झोपायची सवय एवढी मुरते, की शेजारी कुणी आलं तर अडचणच व्हायची. आणि खरं बोलायचं तर तिलाही आतून धाकधूक होती. नवऱ्याला झोपलेलं तिने शेकडोदा पाहिलं होतं, रविवारच्या सुट्टीत, दार हळूच लोटून. त्याच्या शेजारी झोपणं म्हणजे काय, ते मात्र ती विसरून गेली होती.

दिवसभर चादरी पिळता पिळता तिने मनाशी एक ठरवलं. संध्याकाळी ताटं वाढताना म्हणाली, "तुम्हाला आठवडा मोकळा आहे. मीही रजा टाकते. डोंगरात जाऊ. पूर्वी जायचो तसं, पाठीवर बिऱ्हाड घेऊन."

"आपण? माझा गुडघा बघितलास का?"

"म्हणूनच म्हणते, हलका तंबू घेऊ."

मनातलं तिने सांगितलं नाही. ते असं होतं: दोन रात्री एका तंबूत नीट गेल्या तर आपणच म्हणायचं, दिवसपाळी घ्या. नाही गेल्या तर विषय कायमचा बंद. मग कुरकुर करायची नाही.

आता तंबू घ्यायचा म्हटल्यावर नणंद आलीच. ही नवऱ्याची थोरली बहीण, तीन गल्ल्या सोडून राहायची. तिच्या माळ्यावर एक जुना कॅनव्हासचा तंबू होता, तो तिने आधी देऊ केला. नवऱ्याने त्याचं एक टोक उचलून बघितलं आणि परत ठेवलं.

"अक्का, ही हत्तीची झूल आहे. हा तंबू मी डोंगरावर नेला तर तो मला खाली आणेल."

"मग नवा घेताय? चला, मी येते. तुम्ही दोघं भोळेभाबडे. दुकानदार म्हणेल हा तंबू हवेत उडतो, तर तुम्ही विचाराल किती उंच."

दुकान छोटं होतं, छतापर्यंत दोरांची भेंडोळी, पाठपिशव्या आणि बूट. दुकानदार गोल पोटाचा, गळ्यात चष्मा. वरच्या फळीवरचा माल त्याने नवऱ्यालाच काढायला सांगितला. म्हणाला, "तरुणपणी इतके कडे चढलो, की आता स्टुलावरसुद्धा चढत नाही. माझा कोटा संपला."

तिने आपली गरज सांगितली. दोघांसाठी हवा, पाठीला हलका हवा आणि खिशालाही.

"वहिनी, सगळी गोम तिथेच आहे," दुकानदार म्हणाला. "पाठीला हलका तो खिशाला जड. खिशाला हलका तो पाठीला जड. हा बघा."

पहिला त्याने दाखवला तो ऐसपैस आणि स्वस्त. नणंदेने उचलून बघितला आणि खाली आपटला. "याच्यापेक्षा माझी झूल काय वाईट?"

दुसरा रेशमासारखा, मुठीत मावेल असा. नवऱ्याने तो तळहातावर घेऊन वर-खाली केला, बेकरीत पिठाचा गोळा करतात तसा. "चार पावांएवढा. फार तर पाच." मग त्याने किंमत वाचली आणि तंबू दोन्ही हातांनी, तान्हं मूल परत द्यावं तसा, दुकानदाराला परत दिला. "एवढ्यात तर आमच्याकडे नवा फ्रिज येईल."

"येईल की. पण फ्रिजमध्ये झोपता येणार नाही," नणंद म्हणाली.

तिसरा गेल्या वर्षीच्या मालातला होता. हिरवा, किंमत उतरवलेली. आत डासांची जाळी, वर पावसाचं वेगळं कापड, म्हणजे आतल्या श्वासाचा ओलावा अंगावर टपकत नाही. दोन वाकणाऱ्या काठ्या, मूठभर खुंट्या. दार लांब बाजूला, आणि दारापुढे कापडाची छोटीशी ओसरी, बूट आणि भांडी ठेवायला. वजनही सोसेल असं. दुकानदाराने मागच्या खोलीत तो उभा करून दिला.

"दोघांचा म्हणतात खरा," तो म्हणाला, "पण तंबूवाल्यांचा दोघांचा हिशोब जरा काटकसरीचा असतो. आत पडून बघा. त्याशिवाय घेऊ नका."

एवढ्यात पुढे कुणी गिऱ्हाईक आलं आणि तो तिकडे गेला.

नवरा म्हणाला, "तू बघ आधी."

तिने पर्स त्याच्या हातात दिली, चपला काढल्या आणि आत शिरली. आडवी झाली. कोपरं दोन्हीकडे काढली तरी कापडाला जेमतेम टेकत होती. पाय लांब झाले. छान वाटलं. डोळे मिटून क्षणभर तशीच पडून राहिली आणि बाहेर आली.

"मोकळा आहे हो. तुम्ही बघा."

मग त्याने पर्स तिच्याकडे दिली, बूट काढले आणि तो आत गेला. आतून आवाज आला, "वा! पलंगासारखंच वाटतंय." एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर झाला. बाहेर आला तेव्हा केस विस्कटलेले आणि चेहरा खुललेला.

नणंद स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, "दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखे काय एकेक जण आत जाताय!"

तिघंही हसले. दुकानदार परत आला. "बघितलं दोघांनी?"

"बघितलं," दोघं एकदम म्हणाले, आणि ते खरंच होतं.

डोंगराच्या पायथ्याला त्यांना बसने सोडलं तेव्हा ऊन चढलं होतं. वाट लांब होती पण अंगावर येणारी नव्हती. तिने तंबूचं कापड घेतलं होतं, त्याने काठ्या, खुंट्या आणि शिधा. गुडघा कुरकुरला की तो थांबायचा, आणि थांबला की दूर कुठेतरी बोट दाखवायचा, जणू काही दाखवण्यासाठीच थांबला होता. तिने ते ओळखलं होतं. प्रत्येक वेळी ती त्या बोटाकडे बघायची आणि "हो, छान आहे" म्हणायची. एकदा तर त्याचं बोट नुसत्या उघड्या माळाकडे होतं.

उन्हं कलली तेव्हा ओढ्याकाठी सपाट गवत लागलं. तंबू लावायला दोघं लागले आणि तिला गंमत वाटली. एकही शब्द बोलावा लागला नाही. त्याने कापडाची दोन टोकं धरली, तिने दोन. घरी वाळलेल्या चादरी घडी करताना संध्याकाळी असंच व्हायचं. त्याने काठी वाकवली, तिने खुंटी ठोकली. हातांना एकमेकांची सगळी ओळख होती. त्याने बेकरीतून आणलेला शेवटच्या भट्टीचा पाव काढला, तिने चहा उकळला. जेवून झालं. उजेड निळसर झाला आणि थंडी पडू लागली.

ती आत गेली, पिशवीसारखं शिवलेलं पांघरूण पसरलं आणि त्यात शिरून आडवी झाली. बाहेर नवऱ्याच्या बुटांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. बराच वेळ.

"अहो, काय करताय?"

"काही नाही. झोप तू."

"आणि तुम्ही?"

"तुझं झालं की मग मी..."

वाक्य तिथेच अडकलं. आत ती हसली, बाहेर तो हसला. मग हसू थांबलं आणि ओढ्याचा आवाज मोठा वाटू लागला.

"या आत," ती म्हणाली.

तो आत आला. आधी गुडघा, मग खांदा, मग दुसरा गुडघा. तंबू असा हलला, की लांबून कुणी बघितलं असतं तर बैल शिरला म्हणालं असतं. ती मधोमध पडली होती. नेहमीसारखी. आपण मधोमध आहोत हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

"जरा सरक."

ती सरकली. पलीकडचं कापड गालाला लागलं. त्याचा कोपर तिच्या बरगडीत, तिचे केस त्याच्या नाकात. तो कुशीवर झाला तर त्याची पाठ दाराच्या चेनला टेकली.

"अजून सरक ना."

"कुठे सरकू? इकडे डोंगर आहे."

"अगं, दुकानात तर केवढा मोकळा होता!"

"मलाही मोकळाच वाटला हो."

दोघांनाही एकाच वेळी कळलं, पण ते बोलायचं कुणी? शेवटी तोच बोलला.

"आपण एकेकटेच पडलो होतो."

"हं."

"अक्का म्हणालीसुद्धा."

"हं."

त्याने हसून बघितलं. तिला हसू आलं नाही. एवढी दोन शहाणी माणसं दोघांचा तंबू घ्यायला गेली, आणि एकदम आत जाऊन बघावं हे एकालाही सुचलं नाही. विसरल्यासारखं नाही, सुचलंच नाही.

तो थोडा वेळ तसाच अवघडून पडला. मग म्हणाला, "मी बाहेर बसतो. मला कुठे झोप येते या वेळेला? तू पड नीट." आणि आपलं पांघरूण ओढत तो बाहेर गेला. जाताना त्याने दाराची चेन हळूच लावली, वारा लागू नये म्हणून.

ती चेन लागली आणि तिला वाटलं, मिळालं उत्तर. आपण ठरवलं होतं तसं झालं, फक्त दोन रात्रीही लागल्या नाहीत. आता घरी जायचं, आणि तो दुसऱ्या शाखेत रात्रपाळी घेतो म्हणाला, की बरं म्हणायचं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पांघरुणाला पुसलं. आता तिला हवी तेवढी जागा होती. तरी ती मधे सरकली नाही. मग चालण्याचा शीण चढला आणि ती झोपली.

जाग आली ती रोजच्या वेळेला, डबा भरायच्या. बाहेर फटफटलं होतं. तिने चेन उघडली तर ओसरीत नवरा बसलेला, छोट्या स्टोव्हवर पाणी ठेवून. तो रोज सकाळी दारात असायचा, तसाच दारात होता. नुसतं दार बदललं होतं. त्याने चहा पुढे केला. ती वेणी सोडून परत घालायला लागली.

"झोपलात का जरा?"

"पडलो थोडा."

वेणी घालता घालता ती म्हणाली, "मालकांना काय सांगणार आहात?" आवाज जमेल तेवढा साधा ठेवला होता.

तो चहात बघत राहिला. "तूच सांग. एवढ्या वर्षांत तू एकदाही म्हणाली नाहीस, रात्रपाळी सोडा म्हणून. मला वाटलं, तुला तेच बरं पडतंय. अख्खा पलंग तुझा. मी आलो तर अर्धा घेणार. वर मी घोरतो."

"ते मला माहीत आहे. रविवारी भांडी वाजतात घरातली."

"बघ. मग?"

"मग काय? तुम्ही विचारलंत का कधी? 'विचार करून सांगतो' म्हणे! मला वाटलं, तुम्हालाच नकोय."

"मला?" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की ओढ्याकाठचा पक्षी उडाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू झोपेत बोलतेस. माहीत आहे?"

"मी? काहीतरीच!"

"माझी सुट्टी असते त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसतो ना, तेव्हा ऐकतो. कधी कुणाला तरी चादरी मागतेस. कधी दरडावतेस, हा डाग कसा राहिला म्हणून. आणि कधी विचारतेस, 'आलात का?'"

तिचे हात थांबले.

"मी स्वयंपाकघरातून 'हो' म्हणतो. मग तू गप्प होतेस."

"आणि हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू लाजून थांबली असतीस. मग मला कुणी विचारलं असतं?"

तिने सुटलेली वेणी पुन्हा हातात घेतली. त्याने कप खाली ठेवला.

"काल पण विचारलंस. मी इथे बसलो होतो. मी हो म्हटलं. घरी तेवढ्यावर भागतं. काल चेन उघडून बघतो तर तू सरकलीस. आधीच कडेला होतीस, त्यातून आणखी सरकलीस. तंबूला पलीकडच्या बाजूला पोक आलं."

"मग?"

"मग काय, जागा दिलीस तर यायला नको?"

तिने तेव्हा कुठे त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या स्वेटरची उजवी बाही दवाने भिजून काळपट झाली होती. डावी कोरडी ठणठणीत.

"अर्धा आत होतो," तो म्हणाला. "उरलेला ओसरीत. दुकानदार म्हणाला होता, बूट आणि भांडी ठेवायला आहे. मी माझा उजवा हात ठेवला."

आता तिला हसू आलं, आणि हसता हसताच रडूही आलं. तिने त्याची ती ओली बाही पिळून बघितली. धुलाईखान्यात आयुष्य गेलेलं, हात आपोआप तिकडे गेला. पाणी निघालं.

"स्वेटर काढा आधी. सर्दी होईल." मग डोळे पुसून म्हणाली, "आणि मालकांना सांगा, दिवसपाळी. विचार वगैरे पुरे झाला."

"बरं."

"नुसतं बरं?"

"बरं, सांगतो. सांगतो ना बाई."

दुसऱ्या रात्री दोघंही आत होते. दोघंही एकाच कुशीवर, कारण दुसरा इलाजच नव्हता. एकाला वळायचं तर दुसऱ्यानेही वळायचं. तो म्हणायचा "वळू का?" आणि दोघं वळायचे, तंबू डुलायचा. झोप कुणालाच फारशी झाली नाही. तो घोरला, ती बोलली. सकाळी दोघांची अंगं लाकडासारखी झाली होती आणि गुडघा तर रुसूनच बसला होता. तिने परतीच्या वाटेवर काठ्या आणि खुंट्या आपल्या पिशवीत घेतल्या. त्याने बोट दाखवायला थांबायचं सोडून सरळ सांगितलं, "थांब जरा, दुखतंय." ते तिला जास्त आवडलं.

वापरलेला तंबू दुकानदाराने परत घेतला नाही, घेणारही नव्हता. म्हणाला, "आत पडून बघा म्हटलं होतं ना? बघितलं म्हणालात की!" नवरा म्हणाला, "बघितलं होतं हो. पण तुमचं काही चुकलं नाही, राहू द्या." तंबू घरी माळ्यावर गेला.

बेकरी उघडली. पहिल्या दिवसपाळीहून तो संध्याकाळी घरी आला, जेवला, आणि मग काय करायचं ते न कळून घरभर फिरत राहिला. शेवटी दोघं पलंगावर आडवे झाले, ती भिंतीकडे आणि तो खिडकीकडे, अगदी कडेला, पाहुण्यांसारखे. एकमेकांना अडचण नको म्हणून. पण गादीला कुठे कळतं? जरा डोळा लागला की दोघंही दोन्हीकडून घरंगळत मधे. तो कडेला गेला, परत आला. ती गेली, परत आली. मग दोघांनी नाद सोडला.

रविवारी नणंद आली. पलंगावर टेकली आणि दोन्ही हातांनी गादी दाबून बघायला लागली.

"अगं, ही गादी आहे की विहीर? दोघं जण झोपता आता यात? नवी घ्या. मी येते बरोबर दुकानात."

"राहू द्या वन्सं."

"राहू द्या काय? कंबरा मोडतील."

"मोडल्या तर एकदम मोडतील," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

नणंदेने भावाकडे बघितलं. तो पेपर वाचत होता, म्हणजे तोंडासमोर धरून बसला होता.

"हिला झालंय काय?"

"काही नाही अक्का," तो पेपराआडून म्हणाला. "तंबूपेक्षा रुंद आहे ना, झालं तर मग."